चोरी वाईट का? नीतीचं मूळ धर्मात की संस्कृतीत

मराठीत हा प्रश्न विचारायला घेतला की पहिली अडचण शब्दातच येते. शेजारधर्म, राजधर्म, मित्रधर्म हे शब्द वापरताना आपल्या मनात देव, उपासना किंवा ग्रंथ नसतात. त्या नात्यात जसं वागायला हवं तसं वागणं, एवढाच त्यांचा अर्थ. 'त्यांचा धर्म कोणता?' असं विचारलं की मात्र तोच शब्द श्रद्धा, उपासना, ग्रंथ आणि त्यांच्याभोवती जमलेला समाज यांच्याकडे वळतो. पहिला अर्थ धरला तर 'नीती धर्मातून येते' हे खरंच आहे, पण त्यातून काही कळत नाही. कर्तव्य कर्तव्यातून येतं असं म्हटल्यासारखं होतं. दुसरा अर्थ धरला तर तो दावा होतो, आणि दावा तपासता येतो. बरेच वाद इथेच भरकटतात. एक जण पहिल्या अर्थानं बोलतो, दुसरा दुसऱ्या अर्थानं त्याला खोडतो, आणि दोघांनाही समोरचा हट्टी वाटतो. इथून पुढे 'धर्म' हा शब्द आम्ही दुसऱ्या अर्थानं वापरणार आहोत.

'संस्कृती' या शब्दाचंही एकदा ठरवून घेऊ. एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे शिकण्यातून जे जातं ते सगळं म्हणजे संस्कृती: भाषा, चालीरीती, कायदे, गोष्टी, शिष्टाचार, कशाची लाज वाटावी आणि कशाचा अभिमान. या व्याख्येत धर्म संस्कृतीच्या आतच येतो. मग 'धर्म की संस्कृती' हे 'आंबा की फळ' असं विचारण्यासारखं होतं. श्रद्धावान माणूस इथे हरकत घेईल: धर्म ईश्वरानं प्रकट केला आहे, तो माणसांनी रचलेल्या गोष्टींच्या यादीत कसा बसवता? ही हरकत मान्य केली तरी तो धर्म माणसापर्यंत कुठल्यातरी भाषेत, कुणाच्यातरी तोंडून, कुणीतरी लावलेल्या अर्थासह पोहोचतो. तो प्रवास संस्कृतीतूनच होतो.

तेव्हा मूळ प्रश्न तोडून घ्यावा लागतो. त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. बरं-वाईट असं काही असतं हे जाणवण्याची क्षमता माणसात कुठून आली? आपण पाळतो ते अमुकच नियम कुठून आले? आणि एखादा नियम बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं? पहिल्याचं उत्तर बालमानसशास्त्र आणि जीवशास्त्र देतं, दुसऱ्याचं इतिहास आणि मानववंशशास्त्र, तिसऱ्याचं तत्त्वज्ञान. एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्याच्या उत्तराला जोडला की गाडी रुळावरून घसरते. 'माकडांनाही न्याय कळतो, म्हणून धर्माची गरज नाही' किंवा 'आमच्या ग्रंथात हे लिहिलंय, म्हणून ते तिथूनच सुरू झालं' ही दोन्ही वाक्यं तशीच घसरलेली आहेत.

क्षमता: बाळं आणि माकडं काय सांगतात

२००३ साली सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी कॅपुचिन माकडांवर केलेला प्रयोग बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेला असतो. माकडानं हातातला खडा परत दिला की त्याला काकडीचा तुकडा मिळायचा आणि ते तो आनंदानं खायचं. मग शेजारच्या माकडाला त्याच कामासाठी द्राक्ष दिलं जाऊ लागलं. काकडीवाल्या माकडांनी काम करणं किंवा काकडी घेणं वारंवार नाकारलं. यावरून 'माकडांना न्याय कळतो' असं लगेच म्हटलं जातं. पुढच्या प्रयोगांचे निकाल मात्र संमिश्र आले. समोर द्राक्ष दिसत असताना काकडी मिळाल्याची निव्वळ निराशा हेही त्या वागण्याचं कारण असू शकतं. आपल्या वाट्याला कमी आलं म्हणून चिडणं हा न्यायबुद्धीचा कच्चा माल असेल. दुसऱ्याला कमी मिळालं म्हणून स्वतःचं द्राक्ष नाकारणं ही त्यापुढची पायरी, आणि ती फार दुर्मीळ आहे.

बाळांच्या बाबतीतही असाच सावधपणा हवा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६ आणि १० महिन्यांच्या बाळांना एक छोटा खेळ दाखवला गेला. एक आकृती टेकडी चढू पाहते, दुसरी तिला वर ढकलते, तिसरी खाली लोटते. नंतर समोर ठेवलेल्या आकृतींपैकी बहुतेक बाळांनी मदत करणारीकडे हात नेला. 'नीती जन्मजात असते' याचा पुरावा म्हणून हा प्रयोग वर्षानुवर्षं सांगितला गेला. पुढे जगभरातल्या अनेक प्रयोगशाळांनी एकत्र येऊन तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा केला आणि २०२४ मध्ये निकाल जाहीर केला: बाळांनी मदत करणारी आकृती जवळपास निम्म्या वेळाच निवडली. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळाच्या न्यायबुद्धीवर मोठा युक्तिवाद उभारू नये.

थोड्या मोठ्या मुलांचा पुरावा जास्त पक्का आहे. १८ महिन्यांची मुलं, कुणी न सांगता आणि बक्षीस न मिळता, अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देतात. तीन वर्षांची मुलं खेळाचा नियम मोडणाऱ्याला 'असं नाही करायचं' म्हणून अडवतात. हे वय कुठलाही धर्मोपदेश समजण्याच्या आधीचं आहे. संस्कारांच्या आधीचं मात्र म्हणता येणार नाही, कारण मूल जन्मल्या दिवसापासून माणसांमध्येच वाढतं. सारांश असा की मदत करण्याची ओढ आणि नियम असतात ही जाण, एवढं सामान घेऊन माणूस लवकर तयार होतो. त्या सामानातून कुठलं घर बांधायचं हे अजून ठरायचं असतं.

आज्ञा काढून घ्या आणि पुन्हा विचारा

नीती आणि नुसता संकेत, म्हणजे लोकांनी ठरवून घेतलेली रीत, यांतला फरक ओळखण्यासाठी मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल यांनी एक साधी पद्धत रूढ केली. या विषयातलं हे सगळ्यात उपयोगी अवजार आहे, म्हणून जरा तपशिलात पाहू. मुलाला एखादी कृती सांगायची आणि तीन प्रश्न विचारायचे. असं करू नये असा नियमच नसता तर चाललं असतं का? शिक्षकांनी परवानगी दिली तर? जिथे सगळे असंच करतात अशा दुसऱ्या ठिकाणी चाललं असतं का? शाळेत गणवेश न घालण्याबद्दल विचारलं तर लहान मुलंही म्हणतात की नियम नसेल तर चालेल. दुसऱ्या मुलाला मारण्याबद्दल विचारलं तर म्हणतात, नाही, तरीही वाईटच, कारण त्याला लागतं. 'त्याला लागतं' या कारणात ना ग्रंथ आहे ना समाजाची रीत.

लॅरी नुची यांनी या पद्धतीत एक प्रश्न वाढवला. अमेरिकेतल्या अतिशय धार्मिक आमिश-मेनोनाइट (हा एक ख्रिस्ती पंथ) आणि सनातनी ज्यू कुटुंबांतल्या मुलांना त्यांनी विचारलं: देवानं याबद्दल काहीच सांगितलं नसतं तर? विश्रांतीच्या पवित्र दिवशी काम करणं किंवा डोकं न झाकणं यांबद्दल मुलांचं उत्तर साधारण असं आलं की मग हरकत नसती, देवानं सांगितलंय म्हणून आम्ही पाळतो. चोरी आणि मारहाण यांबद्दल मात्र बहुतेकांनी सांगितलं की देवानं काही सांगितलं नसतं तरी ते वाईटच. ही मुलं धर्मापासून दूर गेलेली नव्हती. उलट कोणता नियम उपासनेचा आहे आणि कोणता माणसाला इजा न करण्याचा, हे त्यांच्या मनात स्वच्छ होतं.

इथे थांबलो असतो तर उत्तर फारच सोपं झालं असतं. १९८७ साली रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या लोकांना ३९ प्रसंगांबद्दल विचारलं आणि नीती व संकेत यांच्यातली ही रेष वाकवून दाखवली. भुवनेश्वरमधल्या लोकांच्या लेखी अत्यंत गंभीर अपराध कोणता? वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलानं केस कापणं आणि कोंबडी खाणं. शिकागोतल्या माणसाला यात नीतीचा प्रश्नच दिसत नाही. भुवनेश्वरच्या लोकांना तो केवळ स्थानिक संकेत वाटत नव्हता. कुठेही, कुणीही केलं तरी हे चूकच, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे नीती आणि संकेत यांच्यातली रेष सगळीकडे एकाच जागी नाही. खाणं, पेहराव, शुद्धता, मोठ्यांचा मान हे काही समाजांत संकेताच्या बाजूला पडतं, तर काहींत नीतीच्या बाजूला.

ट्युरिएल यांच्या बाजूनं आलेलं उत्तर आम्हाला फार मोलाचं वाटतं. मृताचा आत्मा असतो आणि मुलाच्या त्या कृतीमुळे त्याला यातना होतात असं एखादा मनापासून मानत असेल, तर त्याच्या दृष्टीनं ती कृती म्हणजे वडिलांना केलेली इजाच आहे. 'इजा करू नये' हा नियम दोन्हीकडे तोच. वेगळं आहे ते जगाबद्दलचं ज्ञान किंवा समजूत: आत्मा आहे का, त्याला दुखतं का. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला प्रसंग याच जातीचा आहे. पर्शियाचा राजा दारियसनं ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर मेलेल्या वडिलांचं मांस खाल? ते हादरले. मग कॅलेशियन लोकांना, ज्यांच्यात तशीच रीत होती, विचारलं की किती पैसे दिले तर वडिलांना जाळाल? तेही तितकेच हादरले. हेरोडोटसनं यातून रूढी हीच सगळ्यांची राणी, असा निष्कर्ष काढला. पण त्याच प्रसंगात दुसरीही गोष्ट दिसते. वडिलांच्या देहाची विटंबना होऊ नये याबाबत दोघांचं एकमत आहे. विटंबना कशाला म्हणायचं एवढ्यावरच मतभेद आहे.

नियमांचा आशय: काय सगळीकडे सापडतं आणि काय नाही

२०१९ साली ऑलिव्हर स्कॉट करी आणि सहकाऱ्यांनी ६० समाजांची मानववंशशास्त्रीय वर्णनं चाळली. सात गोष्टी त्यांनी शोधल्या: नातलगांना मदत, आपल्या गटाशी निष्ठा, उपकाराची परतफेड, शौर्य, वडीलधाऱ्यांचा आदर, वादातल्या वस्तूची न्याय्य वाटणी आणि दुसऱ्याच्या मालकीचा मान. या वागण्यांना नैतिक मूल्य दिल्याच्या ९६२ नोंदी सापडल्या. ९६१ ठिकाणी ते चांगलं मानलं होतं. उरलेली एक नोंद प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशियात 'चूक' (Chuuk) नावाची बेटं आहेत तिथली. तिथे उघडउघड दुसऱ्याची वस्तू हिसकावणं, त्यातून दबदबा दिसतो म्हणून, कौतुकाचं ठरू शकत होतं.

या आकड्यावर भाळून जाऊ नका. 'हे चांगलं मानतात का' एवढंच त्यात मोजलं आहे. दोन चांगल्या गोष्टींची टक्कर झाली की कुठली वर, हे मोजलेलं नाही: भाऊ चोर निघाला तर भावाची बाजू घ्यायची की न्यायाची? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, 'कुणाशी', तोही त्यात नाही. चोरी करू नये हे सर्वत्र आहे. परक्याच्या घरी चोरी करू नये हे मात्र सर्वत्र नाही. नीतीच्या इतिहासात जे खरोखर बदलत गेलं ते बहुतांशी हे वर्तुळ आहे: कुटुंब, टोळी, जात, देश, स्त्रिया, गुलाम, परके, प्राणी यांतलं कोण आत आणि कोण बाहेर.

धर्म नेमकं काय करतो

शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या अनेक लहान समाजांत देव, पूर्वज, भुतंखेतं सगळं असतं. पण त्यांना माणसानं माणसाशी कसं वागावं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. नैवेद्य मिळाला नाही म्हणून ती रागावतील, शेजाऱ्याला फसवलं म्हणून रागावतीलच असं नाही. तरीही या समाजांत मांस वाटून खाल्लं जातं, आणि फुकट्याची टिंगल होते किंवा त्याला वाळीत टाकलं जातं. प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो तिथे गावाचे डोळे पुरतात. लोकसंख्या वाढली, अनोळखी माणसाशी व्यवहार करावा लागला, की डोळे कमी पडू लागतात. तिथे सर्वसाक्षी, शिक्षा करणारा देव हे फार प्रभावी साधन ठरतं, असा एक सिद्धान्त आहे.

हे तपासायचं कसं? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ समाजांतल्या ५९१ लोकांना एक खेळ दिला गेला. माणसासमोर दोन पेले आणि ३० नाणी. एक पेला दूरच्या गावातल्या, कधी न भेटणाऱ्या सहधर्मीयाचा. दुसरा स्वतःचा किंवा आपल्या गावातल्या कुणाचा. मनातल्या मनात एक पेला निवडायचा आणि दोन रंगांचा फासा टाकायचा. एक रंग आला तर नाणं निवडलेल्या पेल्यात, दुसरा आला तर उरलेल्या पेल्यात. निवड मनात असल्यामुळे लबाडी कुणालाच पकडता येत नाही. पण सगळे प्रामाणिक असतील तर सरासरीनं प्रत्येक पेल्यात १५ च्या आसपास नाणी पडायला हवीत, आणि किती कमी पडली यावरून गटाची लबाडी कळते. ज्यांच्या मते देव सगळं जाणतो आणि शिक्षा करतो, त्यांनी दूरच्या माणसाच्या पेल्यात जास्त नाणी टाकली. वर्तुळ रुंद झालं. मात्र तो दूरचा माणूस सहधर्मीय होता, हे विसरू नये. वर्तुळ मोठं झालं तरी त्याला काठ राहिलाच.

दुसरं काम व्रतं आणि कठोर नियमांचं. रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेसलर यांनी अमेरिकेतल्या १९ व्या शतकातल्या ८३ सामूहिक वसाहती अभ्यासल्या. त्यांतल्या काही धार्मिक होत्या, काही निव्वळ आदर्शवादी. खाणंपिणं, पेहराव, मालमत्ता, बाहेरच्यांशी संबंध यांवर जितकी जास्त बंधनं, तितक्या धार्मिक वसाहती जास्त काळ टिकल्या. धर्मनिरपेक्ष वसाहतींत बंधनं वाढवूनही आयुष्य वाढलं नाही. कारण बहुधा असं: किंमत मोजायला लावणारा नियम फुकट्याला बाहेर ठेवतो, पण तो नियम पवित्र मानला गेला तरच लोक त्याचा हिशेब मागत नाहीत. बुद्धीला पटवून दिलेला नियम रोज नव्यानं पटवावा लागतो.

धर्माचे हे दोन्ही गुण जिथे वापराल तिथे काम करतात, आणि अडचण नेमकी इथेच आहे. लंडनमध्ये १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध स्थापन झालेल्या समितीच्या १२ संस्थापकांपैकी ९ जण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. त्यांची धर्मश्रद्धाच त्यांना तिथे घेऊन गेली होती. ब्रिटिश संसदेनं १८०७ मध्ये तो व्यापार आणि १८३३ मध्ये साम्राज्याच्या बहुतांश भागातली गुलामगिरीच कायद्यानं बंद केली. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेत तेच बायबल वाचणाऱ्यांनी, गुलाम बाळगणाऱ्यालाही धर्मप्रचारक होता यावं म्हणून, १८४५ साली वेगळी सदर्न बॅप्टिस्ट संघटना काढली. १९९५ मध्ये त्या संघटनेनं याबद्दल जाहीर माफी मागितली. ग्रंथ तोच आणि देवही तोच असताना उत्तरं विरुद्ध आली. म्हणजे ग्रंथातलं काय उचलायचं हे ठरवणारी आणखी एखादी कसोटी वाचणाऱ्याच्या हातात होती.

धार्मिक माणसं जास्त चांगली वागतात का?

या प्रश्नावर लोकांची मतं ठाम असतात. प्यू संशोधन केंद्रानं २०१९ साली ३४ देशांत विचारलं की नीतीनं वागण्यासाठी देवावर विश्वास आवश्यक आहे का. 'हो' म्हणणारे इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये ९६ टक्के, स्वीडनमध्ये ९ टक्के. १३ देशांतल्या दुसऱ्या एका अभ्यासात एका क्रूर खुन्याचं वर्णन वाचायला दिलं, तेव्हा तो नास्तिक असावा असं सहजप्रेरणेनं वाटणाऱ्यांचं प्रमाण तो श्रद्धाळू असावा असं वाटणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघालं. हा पूर्वग्रह खुद्द नास्तिकांमध्येही आढळला.

प्रत्यक्ष वागणं मोजलं की चित्र बदलतं. २०१४ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १,२५२ प्रौढांना दिवसातून अनेकदा फोनवर विचारलं गेलं: गेल्या तासाभरात तुम्ही काही चांगलं किंवा वाईट केलंत का? धार्मिक आणि अधार्मिक लोकांच्या उत्तरांत फरक पडला नाही. धार्मिक लोकांना केलेल्या कृतीचा अभिमान किंवा अपराधीपणा मात्र अधिक तीव्रतेनं जाणवत होता. ही लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेली माहिती आहे, ही तिची मर्यादा.

त्याहून जुना, १९७३ चा प्रयोग. धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला निघाले. वाटेत एक माणूस दारात कण्हत पडलेला. ज्यांना 'वेळ आहे' असं सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' म्हटलं होतं त्यांतले १० टक्के. त्यांची धार्मिकता कोणत्या प्रकारची आहे यावरून कोण थांबेल ते सांगता आलं नाही. काहींचं भाषण तर वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या परोपकारी शोमरोनी माणसाच्या दाखल्यावरच होतं. घाई मात्र निर्णायक ठरली. नीतीचं मूळ शोधताना आपण ग्रंथ आणि परंपरा पाहतो. त्या क्षणाला हातात किती मिनिटं होती हे पाहायचं राहून जातं.

उलट बाजूचा उत्साहही तपासून घ्यावा. 'धार्मिक घरांतली मुलं कमी उदार असतात' असं सांगणारा २०१५ चा अभ्यास जगभर गाजला. २०१९ मध्ये तो मागे घ्यावा लागला. माहिती भरताना प्रत्येक देशाला एक क्रमांक दिला होता, आणि विश्लेषण करताना ते क्रमांक नाव म्हणून न वापरता खरोखरचे आकडे असल्यासारखे वापरले गेले. देशादेशांतला फरक नीट बाजूला काढल्यावर मूळ निष्कर्ष उरला नाही. आधी मोठे समाज आले की आधी नीतिमान देव, यावरचा २०१९ चा गाजलेला शोधनिबंधही २०२१ मध्ये मागे घेतला गेला. जुन्या काळाबद्दल नोंद नाही याचा अर्थ 'असे देव नव्हते' असा धरला गेला होता. आपल्या मताला सोयीचा आकडा समोर आला की असे प्रश्न विचारायचा कंटाळा करू नये.

बरोबर कशावरून?

आता तिसरा प्रश्न. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस युथिफ्रोला विचारतो: पवित्र गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती पवित्र ठरते? पहिलं उत्तर दिलं तर चांगुलपणा देवाच्या आवडीआधीच कुठेतरी उभा आहे. दुसरं दिलं तर उद्या देवाला क्रौर्य आवडलं तर क्रौर्य चांगलं ठरेल. ईश्वरवादी तत्त्वज्ञांचं उत्तर असं, की देवाचा स्वभावच चांगुलपणा आहे. तो क्रौर्याची आज्ञा देऊच शकत नाही. हे उत्तर टाकाऊ नाही. पण मग देवाच्या स्वभावातली करुणा चांगली का, हे करुणेकडे पाहूनच सांगावं लागतं.

हाच पेच संस्कृतीलाही तितकाच लागू पडतो, आणि हे फार कमी वेळा सांगितलं जातं. समाजाला मान्य आहे म्हणून चांगलं, की चांगलं आहे म्हणून समाजाला मान्य? 'समाजाला मान्य तेच चांगलं' असं धरलं तर प्रत्येक सुधारक व्याख्येनंच अनीतिमान ठरतो. ज्या दिवशी तो एकटा उभा राहिला त्या दिवशी तो चुकला होता, आणि पुढे बहुमत त्याच्या बाजूला आल्यावर अचानक बरोबर झाला, असं म्हणावं लागेल. हे कुणालाच पटणारं नाही. धर्माच्या जागी संस्कृती ठेवली म्हणून तिसरा प्रश्न सुटत नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं १८ व्या शतकात बजावलं होतं की 'असं आहे' यावरून 'असं असावं' हे आपोआप निघत नाही. त्यानंतर नीतीचा इतिहास सांगणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे.

जुन्या परंपरांनी एकाच उगमावर सगळा भार टाकलेला नाही, हेही पाहण्यासारखं आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला बारावा श्लोक धर्माची चार लक्षणं सांगतो: वेद, स्मृती, सदाचार आणि स्वतःच्या मनाला जे पटतं ते. ग्रंथ, परंपरा, भल्या माणसांची वागणूक आणि विवेक एकाच यादीत बसले आहेत. मनुस्मृतीच्या भाष्यकारांनी वेदाला वरचं स्थान दिलं ही गोष्ट खरी, पण चौथं लक्षण यादीतून कुणी काढलं नाही.

एखाद्या नियमावर वाद सुरू झाला तर कामाला येणारा क्रम असा. आधी नियम एका वाक्यात, 'कुणी कुणाशी' यासह लिहा. 'खोटं बोलू नये' एवढं पुरत नाही. मग आज्ञा आणि रूढी दोन्ही काढून पाहा: तरीही तो उभा राहतो का, आणि कोणत्या कारणावर? नंतर विचारा की मतभेद मूल्याचा आहे की वस्तुस्थितीच्या समजुतीचा. शेवटी त्या नियमामुळे ज्याला सोसावं लागतं त्याच्या जागी उभं राहून तेच कारण पुन्हा म्हणून पाहा. बहुतेक चर्चा दुसऱ्या पायरीवर अडकतात, कारण तिथे आपल्या बाजूचा आधार काढून घ्यावा लागतो. तिसऱ्या पायरीवर मात्र वाद अनेकदा अनपेक्षितपणे आटोपशीर होतो.

कारणांवर एकमत नसतानाही नियमांवर एकमत होऊ शकतं, याचं मोठं उदाहरण १० डिसेंबर १९४८ चं. संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूनं ४८ मतं पडली, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ राहिले. पहिल्या कलमात माणूस ईश्वराची प्रतिमा असल्याचा उल्लेख घालावा अशी सूचना ब्राझीलकडून आली होती, चीनचे पी. सी. चांग यांच्यासारख्यांनी अशा उल्लेखाला हरकत घेतली आणि ती सूचना मागे घेतली गेली. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे इंग्रजी मसुद्यातल्या 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी 'सर्व मानव' असे शब्द आले. हक्क कुठून येतात हे मोकळं सोडलं म्हणून यादी मंजूर झाली.

मोकळं सोडलेलं कारण परत दार ठोठावतं ते नवीन प्रसंग आला की. १९६८ साली हार्वर्डच्या समितीनं मेंदूचं कार्य कायमचं थांबणं हा मृत्यूचा निकष म्हणून पुढे आणला. जिवंत माणसाचा जीव घेऊ नये यावर कुणाचाच वाद नव्हता. पण यंत्राच्या मदतीनं हृदय धडधडत असलेला माणूस जिवंत की मृत, यावर धर्मांमध्ये आणि एकेका धर्माच्या आतही मतं फुटली. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं १९९१ च्या कायद्यात यावर तोडगा काढला: ज्याची धर्मश्रद्धा मेंदूमृत्यू मानत नाही, त्याला फक्त हृदय आणि श्वास थांबल्यावरच मृत घोषित करायचं. त्या राज्यात दोन शेजारच्या खाटांवर, एकाच वैद्यकीय अवस्थेत, एक माणूस कायद्यानं मृत असू शकतो आणि दुसरा जिवंत.